कुणाची गं तू

३ जानेवारी १९७२, सोमवार

आले बाई एकदाची. नगरहून एस्टीनं राहात्यापर्यंत, पुढं कारखान्याच्या जीपमधून, पायांत पेटी आणि मांडीवर बाबांनी दिलेला रव्याच्या लाडवांचा डबा. दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच की जीप बोळातून चालल्यासारखी वाटत होती. गाळप जोरात आहे, हवेला मळीचा आंबूस-गोड वास आहे. लोक नाकं मुरडतात, मला आवडला.

नोकरी अशी की ऐकणाऱ्याला थाप वाटावी. कारखान्याच्या ऊस संशोधन केंद्रानं कॉम्प्युटर घेतलाय आणि तो चालवायला मुंबईत शिकलेली मी. कुणाचा ऊस आधी पिकला, कुणाचा आधी तोडायचा, हे यापुढं मशीन सांगणार. चेअरमन आप्पासाहेब स्वतः भेटले. बाईमाणूस बघून जरा चपापले, पण चहा पाजला आणि म्हणाले की महिनाअखेरीला मंत्री उद्घाटनाला येणार, तोवर मशीन बोलतं झालं पाहिजे. मी म्हटलं, होईल.

खोली चांगुणाबाईंकडं मिळाली. स्वच्छ, सारवलेली, खिडकीतून केंद्राचं फाटक दिसतं. बाई तोंडानं गोड आहेत, पण पाणी द्यायच्या आधी विचारलं, कुणाची गं तू? मी सांगितलं, दया गायकवाड, नगरची. त्या म्हणाल्या, ते झालं, पर कुणाची? आता गायकवाड बडोद्याच्या गादीवरही होते आणि आमच्या गल्लीतही आहेत, त्यामुळं बाईंची पंचाईत झाली. बाबांचं नाव सांगितलं असतं तर एका दमात उलगडा झाला असता. आमोस मास्तर म्हटलं की समोरचा माणूस आधी 'हं' म्हणतो आणि मग तांब्या जरा लांब ठेवतो, हे मी लहानपणापासून बघतेय. म्हणून नाही सांगितलं. लाज वाटते म्हणून नव्हे. ज्याला मला ओळखायचंय त्यानं मला ओळखावं, बापाला मध्ये कशाला आणायचं.

बाबा म्हणतात, दये, तुझ्या नाकावरच राग. असू दे. आज मी खुशीत आहे. दोन लाडू खाल्ले.

५ जानेवारी, बुधवार

मशीन पाहिलं. दोन लोखंडी कपाटं, एक टेलिप्रिंटर आणि कागदी फीत वाचायचं एक धूड. कपाटावर जिथं कंपनीच्या नावाची पाटी असते तिथं स्क्रूंची नुसती भोकं. माहितीपुस्तकही नाही. बंदरावर पडून राहिलेला बेवारस माल, लिलावात स्वस्त पडला, असं इथले कारकून सूर्यभान कौतुकानं सांगतात. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, दुसरं काय.

प्रत्येक जातीच्या मशीनची भाषा वेगळी. एकाची फीत दुसऱ्याला घातली तर ते बरळतं. तेव्हा आधी त्याची जात ओळखली पाहिजे. त्यासाठी मी स्वतः रचलेली एक छोटी फीत आहे, तिला मी 'ओळख' म्हणते. ती मशीनला तू कोण असं विचारत नाही. एक काम देते आणि मशीन ते कसं करतं ते बघते. एक हा आकडा एका घरात ठेवायचा आणि डावीकडं सरकवत राहायचं. शेवटच्या घरातून तो पलीकडं पडला की मागं शून्य उरतं. किती घरं सरकून पडला हे समजलं की जात समजली. बारा घरांचं असेल, सोळांचं किंवा अठरांचं. तिन्हींच्या फिती मी मुंबईहून आणल्यात.

लिहिता लिहिता हसू आलं. चांगुणाबाईंची पण हीच पद्धत. सरळ विचारून भागलं नाही की आडवळणानं. आज विचारलं, तुमच्यात संक्रांतीला काय करत्यात.

फाटकाशी लिंबाखाली एक म्हातारी बसते, झुंबरबाई. दुपारी फडक्यात भाकरी बांधून आणते, ऊन कलेपर्यंत बसते आणि तशीच परत नेते. कुणासाठी आणता विचारलं तर म्हणाली, ते आठवत न्हाई बाई, पर आनावी लागती. सूर्यभान म्हणतात डोकं फिरलंय तिचं, मूलबाळ काही नाही. मशीनच्या खोलीत दाराआड पुरुषाच्या झिजलेल्या चपला आहेत आणि खिळ्याला एक शर्ट. कुणाचा ते त्यांना सांगता येईना. माझ्याआधी मशीनवर कुणाला ठेवलंच नव्हतं म्हणाले.

८ जानेवारी, शनिवार

डोकं ठणकतंय. सकाळी ओळख चालवली, बारा आलं. बाराची फीत घातली, मशीन बरळलं. पुन्हा विचारलं तर सोळा. जेवून आले तर अठरा. सरड्याची जात म्हणावी का याची? संध्याकाळी तर आकडा पडायलाच तयार नाही. सरकतोय, सरकतोय, टेलिप्रिंटर नुसता घरघरतोय. अशी किती घरं असतील आत?

तेवढ्यात आप्पासाहेब आले. त्यांच्यासमोर सूर्यभान म्हणतात की बाईंना झेपत नसेल तर पुण्याहून एखादा मुलगा बोलावू. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि वर आप्पासाहेबांची पाठ वळल्यावर हळूच विचारतात, आपण नेमक्या कुठल्या गायकवाड, नाही म्हणजे कागदपत्रांना लागतं. कागदपत्रांना लागतं म्हणे. यांच्या चहाच्या कपाला लागतं, ते सांगा ना.

१० जानेवारी, सोमवार

आज एक वेडेपणा केला. लिहून ठेवते.

सकाळी नळावर चांगुणाबाईंच्या शेजारणीनं पुन्हा तेच विचारलं, कुणाची गं तू? मी हंडा आपटूनच निघाले. खोलीत गेले ती धुमसत. ओळखीची फीत नव्यानं छिद्रं पाडून तयार केली आणि तिच्या सुरुवातीला एक ओळ घातली. टेलिप्रिंटरला इंग्रजी अक्षरंच येतात, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी: कुणाचा रे तू? म्हटलं, घे, मी सोसते ते तूही सोस.

फीत लावली. मशीननं ती ओळ छापली आणि थांबलं. एरवी लगेच आकडा सरकवायला लागतं. मग खाली आपल्याआप छापलं: तू कुणाची?

आमच्या भागातली ही रीतच आहे, ज्यानं विचारलं त्याला उलट विचारायचं. पण मशीनला ती कुणी शिकवावी? मला वाटलं सूर्यभानांची थट्टा. बाहेर पाहिलं तर ते व्हरांड्यात विडी ओढत बसलेले, हातात काही नाही. घाबरायला हवं होतं बहुतेक. पण मला आला राग. चांगुणाबाई, शेजारीण, सूर्यभान आणि आता हा लोखंडाचा ठोकळाही. बसले आणि एकेक कळ ठोकून लिहिलं: कुणाची नाही.

टेलिप्रिंटरनं ओळ घेतली. मग छापलं: बरं.

त्यानंतर ओळख शहाण्यासारखी चालली. बारा घरं. बाराची फीत घातली तर मशीननं बेरीज, गुणाकार, सगळं बिनचूक करून दिलं.

१२ जानेवारी, बुधवार

काम भराभर होतंय. मशीन म्हणजे मेणाहून मऊ.

आणि दुसरी मौज. परवापासून मला एकानंही काही विचारलेलं नाही. चांगुणाबाईंनी नाही, नळावर नाही. सूर्यभान माझ्याकडं बघतात आणि पुन्हा आपल्या टेबलाकडं बघतात. कंटाळले वाटतं सगळे. अशी शांतता मला शाळेत मिळाली नाही, पुण्यात नाही, मुंबईत नाही. मला हेच तर हवं होतं.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

संध्याकाळी चांगुणाबाईंकडं हळदीकुंकू. आळीतल्या सगळ्या बायका ओसरीवर ओळीनं बसलेल्या, मीही बसले. बाई ताट घेऊन आल्या. डावीकडच्या बाईला तिळगूळ, मग माझ्यावरून हात गेला आणि उजवीकडच्या बाईला तिळगूळ. गोड बोला म्हणे. मी हात पुढं केलेला तसाच राहिला.

समजलं म्हणायचं. कुणीतरी नगरहून आला असेल, सांगितलं असेल की आमोस मास्तरांची पोरगी ती. म्हणूनच सोमवारपासून सगळे गप्प. केंद्रात चहाही आला नाही दोन दिवस, मला वाटलं पोरगं विसरलं. विसरत कोण नाही. हे असलं कुणी विसरत नाही.

मी ताडकन उठले आणि सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, व्हय, ख्रिस्ती आहे मी, माझा आजा गावकुसाबाहेरचा होता, आणि तुमचा तीळ तुम्हालाच लखलाभ. वाटलं आता गलका होईल. काही झालं नाही. बायका माझ्याकडं बघत राहिल्या, रागानं नाही, घृणेनं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी बाईकडं बघतात तशा. चांगुणाबाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, कोन गं ही?

१५ जानेवारी, शनिवार

सकाळी चांगुणाबाईंनी मला विचारलं की खोली पायजे का भाड्यानं. माझी पेटी समोर दिसत होती. त्या तिच्याकडंही नवलानं बघत होत्या. मी म्हटलं, नाटकं बंद करा. त्या खरंच घाबरल्या. नाटक असं नसतं.

दुपारी लिंबाखाली जाऊन बसले, झुंबरबाईशेजारी. तिनं भाकरीचं फडकं सोडताना बाही वर गेली. दंडाखाली हिरवं गोंदण, अक्षरं. मी बघतेय म्हटल्यावर तिनं हात पुढं केला. म्हणाली, मला वाचता येत न्हाई, तूच सांग काय लिवलंय. मी वाचलं, मच्छिंद्र.

तिनं विचारलं, कोन त्यो?

आपल्याकडं बाई हातावर गोंदवते ती नवऱ्याचं नाव, नाहीतर भावाचं, नाहीतर पोराचं. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती लाजून म्हणाली, धोंडिबा. भाऊ नव्हता.

भाकरी रोज इथंच का आणता विचारलं. तिनं मशीनच्या खोलीकडं बोट केलं आणि म्हणाली, पाय हिकडंच येत्यात.

चपला दाराआड आहेत. शर्ट खिळ्याला आहे.

१६ जानेवारी, रविवार

नगरला जाऊन आले. कसं लिहू?

बाबांनीच दार उघडलं. त्यांचा तो हातविणीचा स्वेटर, चष्म्याला दोरा. बसा म्हणाले. पाणी दिलं, जवळ ठेवून, ते सगळ्यांनाच तसं देतात. मग प्रेमानं विचारलं, आपण कुणाच्या?

मी म्हटलं, तुमची.

ते हसले. म्हणाले की प्रभूनं आम्हाला मूल दिलं नाही, पण शाळेतली सगळी माझीच. मी ओरडले. आईचं नाव सांगितलं, माझ्या गोवरात ते रात्रभर बसले होते ते सांगितलं, नाकावरचा राग सांगितला. ते माझं सांत्वन करायला लागले. माझ्यासाठी प्रार्थना केली, प्रार्थनेत मला 'ही कोणी भगिनी' म्हणाले. भिंतीवर माझ्या पदवीच्या फोटोचा खिळा होता, नुसता खिळा.

मी लाडवांचा डबा पुढं केला. झाकणावर त्यांचंच नाव कोरलेलं. ते त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले, हा आमचाच, आपल्याला कुठं सापडला? आणि आभार मानून ठेवून घेतला.

डबा ओळखला त्यांनी. मला नाही.

१७ जानेवारी, सोमवार

मशीनला विचारलं. कळा ठोकल्या: मच्छिंद्र कुणाचा?

छापलं: कुणाचा नाही.

मच्छिंद्रनंही हेच लिहिलं असणार. आईशी भांडून आला असेल, कुणी टोचून बोललं असेल, बसल्या जागी ठोकलं असेल. राग आला की आपण सगळेच म्हणतो. मी कुणाची नाही, मला कुणी नाही. कोण खरं धरतं? घरचा माणूस असलं ऐकून सोडून देतो. यानं धरलं.

मग मी लिहिलं: मी आमोस मास्तरांची. पुन्हा लिहिलं. दहा वेळा लिहिलं.

छापलं: एकदा सांगितलंस.

खुर्ची उचलून टेलिप्रिंटरवर घातली. लोक धावत आले. सूर्यभान ओरडले, ही कोण बाई, आत कशी आली, हाकला हिला. मीच बोलतं केलं हे मशीन, मी म्हटलं. हाताला धरून फाटकाबाहेर काढलं. टेलिप्रिंटरला ओरखडाही नाही.

१९ जानेवारी

समजलंय मला. एक आकडा घरात ठेवायचा आणि सरकवत राहायचं. चांगुणाबाईंच्या घरातून. केंद्रातून. बाबांच्या घरातून. मी माझी फीत मशीनवर चालवली, आता ते त्याची माझ्यावर चालवतंय. पलीकडं पडायला किती घरं उरलीत? मच्छिंद्र पडला. त्याच्या आईच्या पायांत तेवढा उरलाय.

आज सकाळी आईचं नाव आठवेना. दुपारपर्यंत आठवलं नाही. अजून नाही.

बाबांचं आहे. ते जाऊ देणार नाही. शाईनं हातावर लिहिलंय, मोठ्या अक्षरांत, गोंदणासारखं. झुंबरबाईसारखं.

राग आहे तोवर मी आहे. भीती वाटली तरी राग सोडायचा नाही.

गुरुवार असावा

पेटी रस्त्यावर. चांगुणाबाई विचारत होत्या आळीभर, कुणाची ही पेटी, कुणाची. मी म्हटलं माझी. त्या म्हणाल्या, तू कुणाची?

सांगितलं असतं. या वेळी खरंच सांगितलं असतं, सगळ्या आळीला ओरडून. तोंड उघडलं आणि — हाताकडं बघावं लागलं. वाचून सांगितलं.

लिंबाखाली झोपते. झुंबरबाई भाकरी मोडून देते, अर्धी मला. म्हणते, खा, कुनाची का आसंना. या एकीनंच विचारलं नाही. तिचाही राग येतो मला. विचार ना. कुणीतरी विचारा.

उद्घाटन

मांडव, हार, लाऊडस्पीकर. आप्पासाहेब मंत्र्यांना सांगत होते, हे मशीन चालवायला माणूस लागत नाही. आपल्याआप शिकलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी शिकवलं. मी — फाटकाच्या गजांतून ओरडले. एका पोलिसानं काठी दाखवली. कुणालातरी म्हणाला, असंल कुणीतरी.

मांडवात टेलिप्रिंटर चालू होता. इथवर ऐकू येतो. शेतकरी रांगेनं पुढं जातायत, प्रत्येकाला तो विचारतोय, कुणाचा ऊस, कुणाचा — लोक हसत सांगतायत. एकजण वैतागून काहीतरी म्हणाला — भाऊबंदकीचं काहीतरी — नको, नको म्हणून मी —

त्याच्या बायकोनं इकडंतिकडं पाहिलं. एकटीच घरी गेली.

ऊन आहे

लिंबाखाली बसलेय. एक म्हातारी भाकरी देते. तिच्या हातावर काहीतरी हिरवं आहे.

माझ्याही हातावर आहे. निळं. पुसत आलंय. आमोस.

कोण तो?

कुणी लिहिलं हे माझ्या हातावर, मला न विचारता? फार राग आलाय. छाती भरून आलाय. एवढंच आहे आता. राग आलाय मला. कुणाचा —